गिटारवर पहिलं गाणं कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार हातात आली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो, आता वाजवायचं काय? मी बरीच वर्षं नवख्यांना गिटार शिकवतो आहे. पहिल्या गाण्याची निवड चुकली म्हणून कपाटावर गेलेल्या गिटारी मी पुष्कळ पाहिल्या. बोटं चांगली, कान चांगला, हौस दांडगी, पण गाणं असं घेतलेलं की महिनाभर पहिल्या ओळीच्या पुढे सरकता येत नाही. ही माणसं मग ‘आपल्याला जमत नाही’ असं म्हणून उठतात, आणि ते मला फार लागतं. म्हणून वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गाणं सोपं आहे की अवघड, हे वाजवण्याआधी कसं ओळखायचं?

बहुतेक जण कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांचे गट, मोजतात. तीन कॉर्ड म्हणजे सोपं, सहा म्हणजे अवघड. मी कॉर्डचे बदल मोजायला सांगतो, तेही मिनिटाचे.

गाणं लावा आणि पायाने ठेका धरा. मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. कोणत्याही मेट्रोनोम (ठेका देणाऱ्या) अ‍ॅपमध्ये ठेक्याबरोबर बोट टेकवलं की आकडा समोर येतो. समजा ८० आला. आता एक कॉर्ड किती ठोके टिकते ते पाहा. चार ठोके टिकत असेल तर मिनिटाला २० बदल, म्हणजे एका बदलाला पूर्ण ३ सेकंद. दोनच ठोके टिकत असेल तर ४० बदल, हाताशी दीड सेकंद. गाण्याची लय तीच, कॉर्ड त्याच, पण काम थेट दुप्पट.

मग आपला आकडा काढा. घड्याळात एक मिनिट लावा आणि गाण्यातल्या सर्वांत अडणाऱ्या दोन कॉर्ड घेऊन एकीवरून दुसरीवर जात राहा. दर वेळी एकदाच तारा छेडायच्या. सूर स्वच्छ आला तरच तो बदल धरायचा. नवख्या हाताचे पहिल्या आठवड्यात १० ते १५ झाले तरी चांगले. गाण्याला २० लागत असतील तर तुमचे किमान ३०, म्हणजे दीडपट, व्हायला हवेत, हा माझा अंदाजपंचे नियम आहे. वरचे दहा कशाला, तर प्रत्यक्ष गाणं वाजवताना लक्ष उजव्या हातात, शब्दांत आणि पुढच्या ओळीत वाटलं जातं. कोरडा सराव करताना ते सगळं बोटांवरच असतं.

म्हणजे दोन कॉर्डचं गाणं सोपं असेलच असं नाही?

नाही. दोन कॉर्ड प्रत्येक ठोक्याला अदलाबदल होत असतील तर ते गाणं चार संथ कॉर्डच्या गाण्यापेक्षा कितीतरी जड जातं. शिवाय दोघींपैकी एक बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने बऱ्याच तारा एकदम दाबायची कॉर्ड, असेल तर सोपेपणा तिथेच संपला.

गाणं घेण्याआधी किती कॉर्ड यायला हव्यात?

दोन. आठ-दहा कॉर्ड पाठ करून मग गाण्याकडे वळायचं, हा बेत कागदावर चांगला दिसतो, पण त्यात गाणं येतच नाही. दोन कॉर्ड जमल्या की त्या दोघींवर चालणारा एखादा तुकडा शोधायचा, मग तिसरी जोडायची.

मी जोडी निवडतो ती बोटांची हालचाल बघून. तारा मोजायच्या त्या बारीक बाजूने: सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेलं एकेक घर, खुंट्यांकडून मोजायचं. ए मायनर आणि सी या दोघी घ्या. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये आणि अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये असते. आता सी करायची तर तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नाही. फक्त अनामिका उचलायची आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये ठेवायची. एवढंच. तरीही नवखा माणूस काय करतो, तर तिन्ही बोटं हवेत उचलतो आणि पहिल्यापासून जुळवाजुळव करतो. तिथे वेळ जातो. वर्गात मी त्यांच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर माझं बोट हलकं टेकवून ठेवतो आणि म्हणतो, आता करा सी. दोन-तीनदा केलं की चेहरा बदलतो.

ए मायनर आणि ई यांचं नातं आणखी सरळ आहे. आकार तोच, तिन्ही बोटं एकेक तार वर, जाड तारेच्या बाजूला सरकवायची. ई मायनरला तर दोनच बोटं लागतात, पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, आणि सहाही तारा मोकळेपणाने छेडता येतात. म्हणून पहिली कॉर्ड मी बहुधा तीच देतो.

जी, सी, डी, ई मायनर असलेली गाणी सगळीकडे दिसतात. पण जी वरून सी वर जाताना हात अडतोच. काय करावं?

इथे एक युक्ती आहे आणि ती खूप गाण्यांना चालते. जी कॉर्ड चार बोटांनी धरा: मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, तर्जनी पाचवीवर दुसऱ्यात, अनामिका दुसरीवर तिसऱ्यात आणि करंगळी पहिलीवर तिसऱ्यात. आता अनामिका आणि करंगळी चिकटवल्यासारखी तिथेच ठेवा. मधलं बोट आणि तर्जनी दोघांना एकेक तार खाली आणा, मधलं पाचवीवर, तर्जनी चौथीवर. ही झाली सी अ‍ॅड नाइन. साध्या सीच्या जागी ती बहुतेक गाण्यांत बेमालूम बसते, उलट थोडी अधिक भरलेली वाटते. अनामिका आणि करंगळी तशीच ठेवून तर्जनी आणि मधलं बोट पाचव्या-चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये टेकवलं की ई मायनर सेव्हन. आणि डीमध्येसुद्धा अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्येच असते.

म्हणजे चारही कॉर्डमध्ये अनामिका हलतच नाही. अंधारात भिंतीला हात लावून चालावं तसा तिचा आधार मिळतो.

मला ज्या गाण्यासाठी गिटार घ्यावीशी वाटली तेच अवघड आहे. ते सोडून द्यायचं का?

मुळीच नाही. पण त्याचे दोन भाग करा: गाण्यातलं काय वाजवायचं आणि कधी वाजवायचं.

आपण ऐकतो त्या रेकॉर्डिंगमध्ये बरेचदा दोन-तीन गिटारी, बेस आणि कीबोर्ड एकत्र असतात. ते सगळं एका गिटारवर उतरवायला जाल तर कोणीही अडेल. गाण्याचा सांगाडा म्हणजे चाल आणि तिच्याखालच्या कॉर्ड, तेवढाच घ्या. सुरुवातीचा नक्षीदार तुकडा, मधला सोलो, शेवटची करामत, सगळं बाजूला ठेवा. ध्रुवपदाच्या चार ओळी जरी सलग वाजल्या तरी ते तुमचं पहिलं गाणं झालं. अंतऱ्यात बार कॉर्ड येते? मग अंतरा पुढच्या महिन्यात.

माझ्याकडे एक काकू शिकायला आल्या होत्या, पन्नाशी उलटलेल्या. एकच गाणं हवं म्हणाल्या, आईला आवडायचं ते. त्यात सात कॉर्ड होत्या. आम्ही पहिल्या दोन ओळी घेतल्या, त्यांत तीनच कॉर्ड लागत होत्या. सहा आठवडे त्या दोन ओळीच वाजवत होत्या, आणि दर वेळी मन लावून. बाकीचं गाणं त्यांनी पुढच्या काही महिन्यांत स्वतःच जोडत नेलं. दुसऱ्या कुठल्या सोप्या गाण्यावर त्या सहा आठवडे टिकल्या असत्या असं मला वाटत नाही. आवड हा निवडीचा खरा निकष आहे, फक्त घास लहान घ्यायचा.

एफ कॉर्ड आली की गाणं टाळावं का?

पहिल्या दोन-तीन महिन्यांत, हो, शक्यतो टाळावं किंवा तिला वळसा घालावा. पूर्ण एफमध्ये तर्जनीने सहाही तारा पहिल्या फ्रेटमध्ये दाबायच्या असतात, आणि पहिला फ्रेट खुंट्यांकडच्या पट्टीला अगदी लागून असल्यामुळे तिथे तारा सर्वांत ताठ लागतात. ताकद कमी पडते म्हणून लोक मनगट पिळतात आणि हात दुखवून घेतात.

वळसे दोन आहेत. पहिला, एफ मेजर सेव्हन. सी धरा. तर्जनी आहे तिथेच राहू द्या आणि अनामिका व मधलं बोट एकेक तार खाली सरकवा: अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटमध्ये, मधलं तिसरीवर दुसऱ्यात. पहिली तार उघडी, जाड दोन तारा छेडायच्या नाहीत. सीवरून इथे येणं म्हणजे निम्मा श्वास. सूर थोडा हळवा लागतो. संथ गाण्यात तो शोभतो, ठसक्याच्या गाण्यात कधीकधी खटकतो. कानाला विचारा.

दुसरा वळसा केपोचा, तो पुढच्या प्रश्नात.

बी मायनरचंही तसंच. तिच्यासाठी फक्त बारीक तीन तारा घ्या: तिसरीवर चौथा फ्रेट, दुसरीवर तिसरा, पहिलीवर दुसरा. तीन बोटं, तीन सूर, आणि कॉर्ड पूर्ण. बाकीच्या तारांना हात लावायचा नाही.

केपो वापरणं म्हणजे पळवाट का?

हा प्रश्न मला दर तुकडीत ऐकू येतो आणि दर वेळी मी तितक्याच ठामपणे नाही म्हणतो. केपो म्हणजे सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, ते सूर बदलण्याचं साधन आहे. मैफली गाजवणारे वादकही तो लावतात, कारण उघड्या तारांचा घुमारा बार कॉर्डमध्ये येत नाही.

हिशेब सोपा आहे. एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. केपो जितक्या फ्रेटवर लावाल तितके अर्धे स्वर सगळ्या कॉर्ड वर चढतात, बोटांचे आकार मात्र तेच. सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डवर असंख्य गाणी चालतात. केपो पाचव्या फ्रेटवर लावा आणि जी, डी, ई मायनर, सी हे आकार वाजवा. ऐकणाऱ्याला सी, जी, ए मायनर, एफच ऐकू येणार आणि तुम्हाला एफ कुठे धरावीच लागणार नाही.

आणखी काही रोजच्या अडचणी: गाणं बी मायनरमध्ये असेल तर दुसऱ्या फ्रेटवर केपो आणि ए मायनरचे आकार. एफ शार्प मायनरला दुसऱ्यावर केपो आणि ई मायनरचे. बी फ्लॅटला तिसऱ्यावर केपो आणि जीचे आकार. सी मायनरला तिसऱ्यावर आणि ए मायनरचे.

केपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, किंचित मागे बसवा. मधोमध लावला की तारा खडखडतात. आणि लावल्यावर एकदा सूर तपासा, कारण केपोच्या दाबाने तारा थोड्या चढतात.

मी पेटीवर काळी दोनमध्ये गातो. गिटारवर काय करू?

काळी दोन म्हणजे डी शार्प. केपो पहिल्या फ्रेटवर लावून डीचे आकार वाजवा, किंवा तिसऱ्यावर लावून सीचे. काळी चारला, म्हणजे जी शार्पला, पहिल्या फ्रेटवर केपो आणि जीचे आकार. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी पाच म्हणजे जी, तिथे केपो लागतच नाही.

पहिलं गाणं निवडताना मूळ गायकाची पट्टी धरून बसू नका. बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला गाता-वाजवता येत नाही. खरं तर पट्टी चार सूर उंच असते आणि गळा ताणला गेला की हातही आखडतो.

गायलाच हवं का? मला गाता येत नाही.

गुणगुणा. ते पुरेसं आहे. पण काहीच न म्हणता नुसत्या कॉर्ड वाजवल्या तर आपण गाण्यात कुठे आहोत हे कळेनासं होतं, आणि समोरच्यालाही गाणं ओळखता येत नाही. कॉर्ड ही चालीखालची जमीन आहे, चाल वेगळी. ‘मी बरोबर वाजवतो आहे पण गाणं वाटतच नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याच कारणाने येते.

गाणं असं घ्या की ज्याचे शब्द झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. शब्द आठवण्यात मेंदू गुंतला तर बोटांसाठी काही उरत नाही. आधी नुसतं वाजवा, मग टाळीवर नुसतं गा, मग प्रत्येक कॉर्डला एकच छेड देऊन गा. या तिसऱ्या पायरीवर आठवडाभर राहिलात तरी चालेल.

गायचं नकोच आहे, तर सुटे सूर वाजवायचं गाणं घेऊ का?

जरूर घ्या. लहान मुलांना आणि ज्यांना कॉर्ड धरताना बोटं दुखतात त्यांना मी आधी एका-दोन तारांवरची चालच देतो.

बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली ‘ओड टू जॉय’ ही चाल त्यासाठी मला फार आवडते. ही सिंफनी १८२४ साली पहिल्यांदा वाजली, पण तिची मुख्य चाल इतकी सरळ आहे की पहिल्या दिवशी हाताला लागते. सुरुवात आपल्या सरगमीत लिहायची तर: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सी हा सा धरला तर ग म्हणजे पहिली तार उघडी, म म्हणजे तिचा पहिला फ्रेट, प म्हणजे तिसरा. रे दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आणि सा तिच्याच पहिल्या फ्रेटवर. पाच सूर, दोन तारा, आणि चाल जवळजवळ सगळी शेजारच्या सुरावर पाऊल टाकत जाते, उड्या नाहीत. सोपी चाल ओळखायची खूण हीच: सूर शेजारी शेजारी असावेत आणि पल्ला लहान असावा.

इलेक्ट्रिक गिटार असेल तर डीप पर्पलच्या १९७२ सालच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, घ्या. एका तारेवर वाजवली तर उघडी तार, तिसरा, पाचवा आणि सहावा फ्रेट एवढ्या चारच जागा लागतात. तरुण मुलं त्यावर बेहद्द खूश होतात, आणि खुशीत सराव आपोआप होतो.

स्ट्रमिंगचा, म्हणजे तारा छेडण्याचा, पॅटर्न कोणता घ्यावा?

सुरुवातीला कोणताच नाही. खाली, वर, खाली, वर असे बाण लिहिलेले कागद मी पहिल्या महिन्यात देत नाही. आधी कॉर्ड बदलली की एकच छेड, वरून खाली. मग प्रत्येक ठोक्याला एक. तेही सुरळीत झालं की हात लंबकासारखा सतत खाली-वर हलता ठेवा आणि काही वेळा तारांना न लागू देता नुसता फिरवा. पॅटर्न त्यातूनच तयार होतो. हात थांबला की लय तुटली.

गाणं निवडताना ठेका कान देऊन ऐका. केरवा म्हणजे आठ मात्रांचा चालता ताल, तो चार-चारच्या छेडीत सहज बसतो. दादरा सहा मात्रांचा. त्याला तीन-तीनमध्ये मोजायचं, पहिल्या मात्रेला जाड तार अंगठ्याने, पुढच्या दोन मात्रांना बारीक तारा. दोन्ही नवख्यांना चालतात. सात मात्रांचा रूपक किंवा ठेका सारखा मोडणारी गाणी मात्र सध्या ऐकण्यापुरती ठेवा.

आणि कॉर्ड वेळेत बदलली नाही तर उजवा हात थांबवू नका. अर्धवट कॉर्ड, उघड्या तारा, काहीही वाजू दे, पण ठेका चालू राहू दे. सूर चुकला तर ऐकणारा विसरतो, ठेका थांबला की लक्षात राहतो.

मराठी-हिंदी गाणी गिटारवर इंग्रजी गाण्यांपेक्षा अवघड असतात का?

काही असतात, पण कारण भाषेत नाही. आपली बरीच गाणी चालीच्या अंगाने बांधलेली असतात, म्हणजे सगळा डोलारा सुरावटीवर, आणि कॉर्ड नंतर वाद्यवृंदात भरलेल्या. रागाच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात कॉर्ड कुठे बदलायची हे ऐकून पटकन कळत नाही. गिटारवरच रचलेल्या गाण्यात ते लगेच कळतं.

पण घाबरवणारी गोष्ट वेगळी आणि त्रास देणारी वेगळी. भावगीतात मुरक्या, हरकती, मींड असते, आणि नवखा म्हणतो, हे माझ्याने होणार नाही. अहो, त्या गळ्याने घ्यायच्या आहेत, बोटांनी नाही. खालची कॉर्ड कधीकधी अख्खी ओळ एकच असते. डोळे मिटून फक्त बेस किंवा हार्मोनियमचा खालचा सूर कुठे हलतो तेवढं ऐका. तो संथ हलत असेल तर गाणं तुमच्या आवाक्यात आहे.

बडबडगीतं, प्रार्थना, अंगाई या गाण्यांना कोणी ‘पहिलं गाणं’ म्हणून विचारातच घेत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. चाल लहान, लय संथ, शब्द पाठ, आणि बरीचशी दोन-तीन कॉर्डवर निभावतात.

काही ठोस नावं सांगाल का?

तीन सांगतो, प्रत्येक वेगळ्या कारणासाठी.

‘हॅपी बर्थडे’. तीन कॉर्ड: जी, सी, डी. जीपासून सुरुवात, पहिल्या ओळीच्या शेवटी डी, दुसऱ्या ओळीच्या शेवटी परत जी, तिसऱ्या ओळीत नाव येतं तिथे सी, आणि शेवटच्या ओळीत जी, डी, जी. ठेका तीनचा. एक खाच आहे: गाणं समेवर सुरू होत नाही, पहिला शब्द समेच्या आधीच येतो, म्हणून पहिली छेड दुसऱ्या शब्दावर द्यायची. आणि तिसऱ्या ओळीत गळ्याला पूर्ण सप्तकाची उडी आहे, तेव्हा सुरुवात खालच्या सुरातून करा. हे गाणं कायमचं उपयोगी पडतं.

बॉब डिलन यांचं १९७३ सालचं ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोर’. जी दोन ठोके, डी दोन ठोके, ए मायनर चार ठोके. पुढच्या वेळी ए मायनरच्या जागी सी. आणि हेच शेवटपर्यंत. ७० च्या लयीत हे मिनिटाला साधारण २६ बदल होतात. वरच्या हिशेबाने तुमचे ४० व्हायला हवेत, म्हणजे पहिल्या आठवड्याचं गाणं हे नव्हे, पण दुसऱ्या महिन्याचं नक्की.

बॉब मार्ली यांचं ‘थ्री लिटल बर्ड्स’, १९७७ च्या ‘एक्सोडस’ अल्बममधलं. ए, डी आणि ई, एवढ्याच कॉर्ड. ए धरताना तर्जनी तिसऱ्या तारेवर ठेवली तर ती डीमध्ये तिथेच राहते आणि ईमध्ये फक्त एक फ्रेट मागे घसरते, तारेवरून उचलावी लागत नाही. पण रेगेची, म्हणजे मार्ली यांच्या या संगीतप्रकाराची, छेड ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये पडते. डाव्या हाताला सोपं, उजव्या हाताला नवं. सुरुवातीला सरळ ठोक्यावर वाजवा, खुशाल.

इंटरनेटवरच्या कॉर्ड लावून बघतो, पण गाण्याशी जुळत नाहीत. माझी चूक आहे का?

दर वेळी नाही. आधी ट्यूनरवर गिटार लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मग पानावर केपो लिहिला आहे का ते पाहा, कारण लोक ती ओळ वाचतच नाहीत. तरीही जुळत नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये गिटार अर्धा स्वर उतरवून लावलेली असू शकते. रॉकमध्ये ही पद्धत सर्रास आहे.

आणि हो, त्या कॉर्ड कोणीतरी कानाने ऐकून लिहिलेल्या असतात, त्या चुकतात. एकाच गाण्याची दोन-तीन पानं उघडा आणि त्यातलं सर्वांत कमी कॉर्डचं घ्या.

मूळ गाण्याबरोबर वाजवायला गेलो की मागे पडतो.

वेग कमी करा. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो आणि पट्टी तीच राहते. ८० ची लय ६० वर येते, म्हणजे मिनिटाचे २० बदल १५ होतात. तिथे तीनदा सलग जमलं की थोडा वाढवा.

बोटं दुखतात. सोपं गाणं घेतलं तर कमी दुखतील का?

दुखणं गाण्यापेक्षा तारांवर जास्त अवलंबून असतं. नायलॉनच्या तारा मऊ, स्टीलच्या बोचतात. नियमित थोडं थोडं वाजवलं तर काही आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात. रोज १५ मिनिटं, रविवारी एकदम दोन तास नको. तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर जाणकाराकडून खाली करून घ्या. अशा गिटारवर कोणतंच गाणं सोपं नसतं. टोकांचं दुखणं ठीक, पण मनगट किंवा कोपर दुखलं तर त्या दिवशी थांबा.

एका वेळी किती गाणी घ्यावीत?

दोन. एक जवळजवळ येत असलेलं आणि एक नवं. नव्या गाण्यात नवी कॉर्ड एकच असावी, किंवा कॉर्ड जुन्याच आणि ठेका नवा. दोन्ही एकदम नवं घेतलं की नेमकं काय अडतं आहे तेच कळत नाही.

गाणं ‘आलं’ असं कधी म्हणायचं?

मी एक साधी परीक्षा घेतो. गाणं सुरू करायचं आणि मध्येच मी काहीतरी विचारतो, खिडकी लावू का, पाणी हवं का. वाजवणं न थांबवता ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता आलं की गाणं आलं. त्या काकू दुसऱ्या ओळीवर होत्या तेव्हा मी विचारलं, पंखा कमी करू का? त्यांनी मान हलवली, हात चालूच होता, आणि ओळ संपल्यावर त्या म्हणाल्या, काय विचारलंत तुम्ही?